मूत्रपिंडाचा रुग्ण प्रवासाला निघतो तेव्हा

मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी कोकणात जायचे म्हणतो, कोणाच्या घरात काशी-प्रयागाची बोलणी निघतात, कोणाचा मुलगा परदेशात असतो आणि तो आईवडिलांना तिकडे बोलावतो. शाळामास्तरांना तर वर्षातून हीच एक मोकळीक. पण ज्या घरात मूत्रपिंडाचे दुखणे आहे, त्या घरात ही बोलणी निघाली की एक माणूस गप्प बसतो. “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो,” असे तो म्हणतो. त्याचे हे वाक्य खरे धरू नये, अशी माझी आपल्याला पहिली विनंती आहे. आणि दुसरी विनंती अशी की, ते खोटे धरून त्याला तसेच गाडीत बसवूनही नेऊ नये. ह्या दोन विनंत्यांच्या मध्ये जी तयारी येते, तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. मी कॉलेजात शिकवणारा साधा मास्तर. पण आमच्या घरात हे दुखणे आहे, आणि त्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

माझे मामा मुरबाड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत गेली. मधुमेह पंधरा वर्षांचा, त्यात रक्तदाब. पुढे डायलिसिस सुरू झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. सरकारी योजनेतून ते विनाखर्च होत असे, त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा उभा राहिला नाही. असे आठ महिने गेले. मग एका मे महिन्यात आम्ही त्यांना दापोलीच्या बाजूला समुद्रकाठी घेऊन गेलो. शुक्रवारचे डायलिसिस आटोपून निघायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे, असा बेत होता. पण समुद्रकाठी सगळ्यांना इतके बरे वाटले, की मीच म्हणालो, “मामा, एक दिवस इकडचा तिकडे. सोमवारऐवजी मंगळवारी करू डायलिसिस.” मामा मला नाही म्हणत नसत. उन्हाळ्याचे दिवस, घरचे आंबे, सोलकढी, आणि वाटेत जिथे थांबू तिथे शहाळे. “औषधी आहे, प्या,” असा आग्रहही आमचाच.

सोमवारी रात्री मामांना आडवे होता येईना. बसले की श्वास लागे, निजले की जीव गुदमरे. तीन तास गाडी हाकून आम्ही एका खासगी रुग्णालयात पोहोचलो. फुप्फुसांत पाणी साठले होते आणि रक्तातले पोटॅशियम इतके वाढले होते, की हृदय केव्हाही थांबले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मामा वाचले. बिल लाखाच्या पुढे गेले. मी निश्चिंत होतो, कारण मामांच्या नावाने आरोग्यविमा होता. तो मीच उतरवला होता.

महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र आले. दावा नामंजूर, पॉलिसी रद्द. कारण असे की, विम्याच्या अर्जात ‘मूत्रपिंडाचा विकार आहे काय?’ ह्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले होते; आणि मामांच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढल्याचा कागद त्यापूर्वी तीन वर्षांचा होता. तो अर्ज मी भरला होता. “आहे म्हणून लिहाल तर अर्ज अडकेल, नाही लिहा,” असे एजंट म्हणाला आणि मी लिहिले. अक्षर माझे, सही मामांची. मामींनी दोन पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा मी समोर बसलो होतो. मामा एवढेच म्हणाले, “अरे, मी मुलांना चाळीस वर्षं खरं लिहायला शिकवलं, आणि सही करताना वाचलं नाही.”

श्रोतेहो, ह्या गोष्टीत दोन चुका आहेत. एक शरीराच्या बाबतीतली, एक कागदाच्या बाबतीतली. दोन्ही टाळता येण्याजोग्या होत्या. आधी शरीराची पाहू.

आपली मूत्रपिंडे दोन, प्रत्येक मुठीएवढे, पाठीमागे कमरेच्या वर. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम आठवड्याचे १६८ तास अखंड चालते. डायलिसिसचे यंत्र हेच काम आठवड्यातून तीनदा चार-चार तास, म्हणजे १२ तास करते. मास्तर मंडळींनी ही वजाबाकी मुलांना फळ्यावर करून दाखवावी. उरलेले १५६ तास प्यालेले पाणी आणि खाल्लेले क्षार शरीरातच साठत राहतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम असला, तर शुक्रवार ते सोमवार हे अंतर आठवड्यातले सर्वांत लांब, आणि सर्वांत धोक्याचेही तेच. आम्ही नेमके तेच अंतर आणखी एका दिवसाने ताणले होते.

हे यंत्रही काही फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, काम्पेन गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले चालते कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. ती नळी मांसाचे सॉसेज भरण्यासाठी वापरायची. पहिले बरेचसे रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रावर शुद्धीवर आली आणि वाचली. पण तेव्हा दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे एकाच माणसाला वर्षानुवर्षे डायलिसिस देणे अशक्य होते. १९६० साली अमेरिकेत सिॲटल येथे स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी नळी तयार केली, आणि १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हातातली रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून देण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हीच ती ‘फिस्तुला’. आज डायलिसिसवरचा माणूस काशीला जाण्याचा विचार तरी करू शकतो, तो ह्या माणसांमुळे.

आता कागदाची बाजू. विमा हा बाजारातल्या इतर व्यवहारांसारखा नसतो. बैल विकत घेताना आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो. विमा कंपनीला आपले शरीर आतून दिसत नाही. आपण सांगू त्यावर तिला विश्वास ठेवावा लागतो. म्हणून कायद्याने ह्याला परमविश्वासाचा करार मानले. इंग्लंडच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली हे तत्त्व सांगितले आणि आपल्याकडच्या विमा-कायद्यातही ते उतरले आहे. ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवली, की करारच डळमळतो. आणि गंमत अशी, की हप्ता घेताना कोणी तपासत नाही. दावा केला की जुने कागद बाहेर निघतात.

तेव्हा प्रवासाच्या संदर्भात विम्याचे कोणते प्रकार आपल्या उपयोगी पडतात, ते एकेक करून पाहू.

पहिला रेल्वेच्या तिकिटाबरोबरचा. ऑनलाइन तिकीट काढताना प्रवासविमा हवा का, असे विचारतात. रुपयाहूनही कमी पैसे पडतात. तो जरूर घ्यावा. पण तो अपघाताचा विमा आहे. गाडीला अपघात झाला तर त्याचा उपयोग. गाडीत पोटॅशियम वाढले, श्वास लागला, तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. “तिकिटात विमा आहे की,” असे म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरा प्रकार नेहमीच्या आरोग्यविम्याचा. तो देशात कुठेही चालतो. मात्र कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात रोख न भरता उपचार होतात, इतर ठिकाणी आधी आपण भरून मग मागावे लागतात. ह्यात ‘आधीपासूनचा आजार’ हे कलम महत्त्वाचे. आधीपासून असलेल्या आजारासाठी काही काळ थांबावे लागते, त्याला प्रतीक्षाकाळ म्हणतात. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून ह्या काळाची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर कंपनीला ‘तुम्ही अमुक सांगितले नाही’ म्हणून दावा अडवता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ही सवलत नाही. म्हणून पाच वर्षे लपवून काढू, असा हिशेब कोणी करू नये. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती वाचून, पटली नाही तर परत करता येते. ह्या ३० दिवसांत एकदा तरी चष्मा लावून अर्जाची प्रत वाचा. एजंटाने काय लिहिले आहे, ते आपल्याला कळलेच पाहिजे.

आणि एक कटू गोष्ट स्पष्टच सांगतो. डायलिसिस सुरू झालेल्या माणसाने पुढच्या महिन्याच्या प्रवासासाठी आज नवा विमा उतरवला, तर त्या दुखण्यासाठी त्याचा बहुधा उपयोग होणार नाही. कंपनी एक तर नाही म्हणेल, किंवा जास्त हप्ता लावील, किंवा प्रतीक्षाकाळ सांगेल. विमा हा तहान लागण्यापूर्वी खणायच्या विहिरीसारखा आहे. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस असेल, तर विमा आत्ताच, आहे ते दुखणे लिहून, उतरवावा. मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा ह्या दोहोंच्याच वाटेने येतो.

मग ज्याचा विमाच नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी तिसरा मार्ग, सरकारी योजनांचा. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून यंत्रे बसू लागली. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना तिथे ही सेवा मोफत आहे. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तिची दोन वैशिष्ट्ये प्रवाशाने ध्यानात ठेवावीत. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. आणि ज्या ज्या राज्यांत योजना चालू आहे, तिथल्या यादीतल्या कोणत्याही रुग्णालयात कार्ड चालते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ह्या योजनेचे कार्ड मिळू लागले. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहेच. पण राज्याबाहेर जाणार असाल तर हातात आयुष्मानचे कार्ड हवे. निघण्यापूर्वी १४५५५ ह्या क्रमांकावर फोन करून, जिथे जाणार त्या गावातले कोणते रुग्णालय डायलिसिससाठी यादीत आहे, ते विचारून घ्या. राज्याच्या योजनेचा क्रमांक १५५३८८. शिक्षक मंडळींनी आपल्या कार्यालयात आणखी एक विचारावे: बाहेरगावी अचानक उपचार घ्यावे लागले, तर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी कोणते कागद लागतात? हे परत आल्यावर विचारून उपयोग नसतो.

चौथा प्रकार परदेशप्रवासाच्या विम्याचा. मुलाकडे अमेरिकेला किंवा आखातात जाणाऱ्या आईवडिलांनी तो घ्यावाच. पण त्यात आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतले तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरलेला असतो. नेहमीचे ठरलेले डायलिसिस त्यात येत नाही. ते स्वतःच्या खर्चाने करावे लागते, आणि तिकडचा खर्च फार मोठा असतो. कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. माझा हा आजार धरला आहे का? अचानक बिघडला तर किती रुपयांपर्यंत? आणि आजारामुळे प्रवास रद्द झाला तर तिकिटाचे पैसे मिळतील का? तोंडी “होईल हो” म्हणणाऱ्यावर भिस्त ठेवू नका.

कोणताही खरा दावा कंपनीने नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी; महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, आणि तक्रारीला फी पडत नाही. आम्हाला मात्र तिकडे जाण्यासारखी बाजूच नव्हती.

आता तयारी. मामांनी त्यानंतर दीड वर्ष घराबाहेर पाऊल टाकले नाही. मग एके दिवशी मला म्हणाले, “मला काशी बघायची आहे. तुझ्या मामीला मी लग्नात कबूल केलं होतं.” मी तोंड उघडण्यापूर्वीच पुढे म्हणाले, “ह्या वेळी वेळापत्रक मी करणार.” मास्तरच ते. त्यांनी केलेली तयारी मी आपल्यापुढे ठेवतो. प्रत्येकाने ती आपल्या डॉक्टरांना विचारून आपल्या मापाने बेतावी.

दीड महिना आधी ते डॉक्टरांकडे गेले आणि एकच प्रश्न विचारला, “मी जाऊ शकतो का?” होकार आल्यावरच तिकिटे काढली. डॉक्टर काही जागांना नाही म्हणतात, तेही ऐकावे. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तिथे धडधाकट माणसालाही दम लागतो आणि डायलिसिसचे केंद्र डोंगराखाली राहते. देव तिथे आहे तसा खालीही आहे.

मग त्यांनी वाराणसीतल्या एका केंद्राला फोन करून दोन दिवसांच्या जागा ठरवल्या. पाहुण्या रुग्णाला जागा देण्यापूर्वी केंद्रे कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’ आणि एचआयव्ही ह्यांच्या ताज्या तपासण्या मागतात. तपासणीला आणि अहवालाला दिवस लागतात, म्हणून हे आयत्या वेळी होत नाही. कावीळ ‘बी’ची लसही डायलिसिसच्या रुग्णाने घेतलेली असावी. नेहमीच्या केंद्राकडून त्यांनी एक पत्र घेतले. त्यात दुखण्याचे नाव, डायलिसिसचे दिवस आणि तास, अंगातले जादा पाणी काढल्यावरचे ‘कोरडे वजन’, रक्त पातळ राखण्याच्या औषधाचे प्रमाण, फिस्तुला कोणत्या हाताला आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि शेवटच्या तीन बैठकांची नोंद, एवढे होते. ह्या पत्राच्या तीन प्रती काढल्या. एक मामांच्या खिशात, एक मामींच्या पिशवीत, एक माझ्याकडे. मोबाइलमध्ये फोटो होताच. पण मोबाइल उतरतो, कागद उतरत नाही.

औषधे प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर जास्त घेतली आणि दोन पिशव्यांत वाटली. एक पिशवी हरवली तरी दुसरी राहते. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या माणसाने तर हे विसरूच नये. त्याच्या गोळ्यांची एक वेळही चुकता कामा नये. त्याने उघड्यावरचे पदार्थ टाळावेत, पपनस, चकोतरा ही फळे खाऊ नयेत, कारण त्यांनी गोळ्यांचे रक्तातले प्रमाण बिघडते. आणि परदेशी जाताना कोणतीही लस आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नये, कारण जिवंत जंतूंच्या लशी त्याला वर्ज्य असतात.

वेळापत्रक असे होते. बुधवारी डायलिसिस, त्याच रात्री कल्याणहून गाडी. शुक्रवारी पहाटे काशी, दुपारी डायलिसिस. शनिवार-रविवार गंगा आणि दर्शन. सोमवारी डायलिसिस, मंगळवारी सकाळी परतीची गाडी, बुधवारी दुपारी कल्याण आणि संध्याकाळी नेहमीच्या खाटेवर डायलिसिस. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. रेल्वेत डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला सवलत असते, स्लीपर वर्गात ७५ टक्के. पण ती उपचारासाठीच्या प्रवासाला आहे. मामांनी ती घेतली नाही. “मी यात्रेला चाललो आहे,” म्हणाले.

वाटेतल्या खाण्यापिण्याविषयी थोडे जास्त सांगतो, कारण घात इथेच होतो. डायलिसिसच्या रुग्णाला पाण्याचे माप असते. दिवसभरात होईल तेवढी लघवी अधिक अर्धा-पाऊण लिटर, असे डॉक्टर साधारणपणे सांगतात. आणि त्यात चहा, ताक, आमटी, सगळे धरायचे. मामांनी अर्ध्या लिटरची बाटली गळ्यात अडकवली आणि तिच्याबाहेरचे पाणी प्यायचे नाही असे ठरवले. तहान लागली की चूळ भरत, लिंबाची फोड चोखत. खारट खाल्ले की तहान लागते, म्हणून लोणचे, पापड, फरसाण बंद. पण हा नियम सरसकट सगळ्यांना नाही. ज्याचा विकार सुरुवातीचा आहे, ज्याला मूतखडे होतात, किंवा ज्याचे रोपण झाले आहे, त्याने उन्हात पाणी कमी पिणे हेच घातक. शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावू नये.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. केळी, संत्री, मोसंबी, आंबा, खजूर, सुका मेवा, टोमॅटो ह्यांतही तेच. आणि आपल्या यात्रेचा उपास पाहा: बटाटा, रताळे, शेंगदाणे, खजूर, केळी! मूत्रपिंडाच्या रुग्णाला ह्याहून वाईट ताट वाढता येणार नाही. बटाटा खायचाच तर चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यावे. सैंधव हेही मीठच; आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, ते तर हाती धरू नये. कोकणात-गोव्यात करंबळ किंवा कमरख म्हणून पाच कंगोऱ्यांचे आंबट फळ मिळते. निरोगी माणसाला ते चालते; मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात आणि प्राणही जाऊ शकतो. ते तोंडाला लावू नये.

पाय दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या उरलेसुरले मूत्रपिंडही घालवतात. कोणी साधूने दिलेले भस्म, कोणी दिलेला काढा, नमस्कार करून परत द्यावा. जुलाब-उलट्या झाल्या तर क्षार-साखरेचे पाणीसुद्धा डॉक्टरांना फोन करून मगच, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या तेव्हा चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात, तेही त्यांनाच विचारून.

फिस्तुलाच्या हाताला जपावे. त्या हाताने पिशवी उचलू नये, त्यावर घट्ट घड्याळ किंवा कडे नको, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा किंवा सुई लावू देऊ नये. रोज सकाळी बोट ठेवून आतली थरथर लागते का, ते पाहावे. थांबली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त येऊ लागले तर बोटाने दाबून धरावे आणि मदत मागावी. ज्याच्या मानेत किंवा छातीत नळी आहे, त्याने नदीत बुडी मारू नये. थंडी वाजून ताप आला तर उद्यावर टाकू नये. श्वास लागणे, अंगाला सूज, हातापायांतली शक्ती एकाएकी जाणे, छातीत धडधड, ही निघायची घंटा समजावी. गाडीत असाल तर १३९, रस्त्यावर असाल तर १०८ किंवा ११२.

मामांनी गंगेत बुडी मारली नाही. दशाश्वमेध घाटाच्या एका पायरीवर बसून डाव्या हाताने पाणी घेतले आणि डोक्याला लावले. उजव्या हाताला फिस्तुला आहे. मामींनी मात्र तीनदा बुडी मारली. एक स्वतःची, एक मामांची, आणि तिसरी कोणाची ते सांगितले नाही. परत आल्यावर वजन केले तर कोरड्या वजनाच्या वर दीड किलो. डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या, “घरी बसता तेव्हा ह्याहून जास्त असतं.” काही बिघडले असते तर लागावे म्हणून आयुष्मानचे कार्ड खिशात होते आणि चाळीस हजार रुपये वेगळे काढून ठेवले होते. त्या पैशांतून मामींच्या दोन पाटल्या सुटल्या.

शिक्षक मित्रांनो, आपल्या गावात कोणी ना कोणी असा असेलच. त्याच्या घरी विम्याचा अर्ज आला तर तो वाचून दाखवायला, आणि ‘आहे’ तिथे ‘आहे’ लिहायला, आपण बसा. लिहिता येणाऱ्या माणसाकडून गावाची ही साधी अपेक्षा असते. माझ्याकडून एकदा ती पुरी झाली नाही.

आणि घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असलेल्या श्रोत्यांना एवढेच सांगतो: उद्या त्याला विचारा, “तुला कुठे जायचं आहे?” तो “कुठे नाही” म्हणेल. पुन्हा विचारा. मग कागद-पेन्सिल घ्या आणि आधी डायलिसिसचे वार लिहा, नंतर गाडीचे.